विषय नंतर, आधी बाळं मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बालरोगतज्ज्ञ आहात, सहा वर्षं नवजात शिशु विभागात काम करताय, आणि पदव्युत्तर प्रबंध सोडला तर संशोधनाचा अनुभव नाही. 'नवजात बाळांमधील जंतुसंसर्ग आणि त्याचे दूरगामी परिणाम' हा विषय पीएच.डी.ला चालेल का, गाइड कसा निवडायचा, आणि नोकरी सांभाळून हे जमेल का, असं विचारलंय. शेवटी हळूच एक वाक्य टाकलंय, 'आता उशीर तर झाला नाही ना?'

उशिराचं आधी सांगून टाकते. नाही झाला. मी नोंदणी केली तेव्हा चाळिशीला टेकले होते. कुठलं बाळ रात्री तीनला बिघडतं, कुठल्या नोंदी नेहमी अर्ध्या राहतात, आई-वडील कशाला हो म्हणतात आणि कशाला नुसती मान डोलावतात, हे सहा वर्षं वॉर्डात काढल्याशिवाय कळत नाही. हे भांडवल पंचविशीतल्या हुशार विद्यार्थ्याकडे नसतं. अडचण वेगळीच आहे. तुम्ही विषय विचारताय, आणि पीएच.डी. विषयावर होत नाही, प्रश्नावर होते. 'जंतुसंसर्ग आणि त्याचे दूरगामी परिणाम' यावर एखादी संस्था तीस वर्षं काम करेल. एका माणसाने चार-पाच वर्षांत काय करायचं?

पदव्युत्तर प्रबंधाने आपल्याला एक वाईट सवय लावलेली असते. तिथे विषय मिळतो, केसेस गोळा होतात, टक्केवारी काढली की काम संपतं. पीएच.डी.च्या व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षक विचारतात, हाच प्रश्न का, याच पद्धतीने का, आणि तुमचं उत्तर चुकीचं असेल तर ते कसं कळेल? या तिसऱ्या प्रश्नापाशी भले भले अडखळतात. मीही अडखळले होते.

तुमच्याच विषयातून एक प्रश्न काढून दाखवते. 32 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला संसर्गाचा संशय आला म्हणून अँटिबायोटिक सुरू केलं. 48 तासांनी रक्ताचा कल्चर निगेटिव्ह आला, म्हणजे रक्तात जंतू वाढले नाहीत, आणि बाळ बरं दिसतंय. आता थांबवायचं, की मनाला धीर म्हणून सात दिवस द्यायचं? थांबवलेल्या बाळांपैकी कितींना पुढच्या दोन आठवड्यांत पुन्हा सुरू करावं लागतं? या प्रश्नात कोणती बाळं, काय केलं, कशाशी तुलना, काय मोजायचं आणि कधीपर्यंत, सगळं आलं. सिनॉप्सिसच्या, म्हणजे नोंदणीसाठी द्यायच्या संशोधन-आराखड्याच्या, पहिल्या पानावर एवढं मावलं पाहिजे. हाच प्रश्न घ्या असं मी म्हणत नाही. पण तुमचा प्रश्न एवढा टोकदार व्हायला हवा.

तो प्रश्न कुठे शोधायचा? माझा अनुभव असा की, जिथे वॉर्डातल्या सगळ्यांची खात्री असते तिथे शोधावा. 2011 साली प्रसिद्ध झालेला 'फीस्ट' हा अभ्यास पाहा. तीव्र ताप आणि रक्ताभिसरण खालावलेल्या मुलाला शिरेतून भराभर सलाइन द्यायचं, हे तोवर जवळजवळ प्रत्येक पुस्तकात होतं. युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या 3,141 मुलांमध्ये ते तपासलं गेलं. असं भराभर दिलेलं द्रव म्हणजे बोलस. 48 तासांत दगावलेल्यांचं प्रमाण अल्ब्युमिन या प्रथिनाच्या द्रावणाचा बोलस दिलेल्यांत 10.6 टक्के, सलाइनचा बोलस दिलेल्यांत 10.5 टक्के आणि बोलस न दिलेल्यांत 7.3 टक्के निघालं. ज्या उपचाराने जीव वाचतो असं धरून चाललो होतो, त्यानेच जास्त मुलं गेली. मी ते आकडे पहिल्यांदा वाचले त्या रात्री मला नीट झोप लागली नव्हती, कारण माझ्या हाताने दिलेले बोलस आठवत होते.

पण हा अभ्यास कसा वाचायचा, यातही पीएच.डी.चं अर्धं शिक्षण आहे. ती रुग्णालयं अतिदक्षता विभाग नसलेली होती, मुलांमध्ये मलेरिया आणि रक्तक्षय पुष्कळ होता, आणि जुलाब-उलट्यांनी शोष पडलेली किंवा तीव्र कुपोषित मुलं अभ्यासात घेतलीच नव्हती. म्हणजे 'सलाइन वाईट' असं सरसकट म्हणता येत नाही, आणि 'आमच्याकडे लागू नाही' म्हणून बाजूलाही सारता येत नाही. या दोहोंच्या मधल्या जागेत बरेच चांगले प्रबंध जन्माला येतात.

आता मुख्य गोष्ट. प्रश्न आवडला, गाइडला पटला, तरी तो तुमच्या विभागात सुटेल का हे बाळं मोजल्याशिवाय कळत नाही. समजा, तुमच्याकडे वर्षाला 32 आठवड्यांच्या आतली 90 बाळं येतात. त्यातल्या 70 जणांना अँटिबायोटिक सुरू होतं. कल्चर निगेटिव्ह आणि तब्येत ठीक असलेली 50. काहींना दुसरीकडे हलवतात, काही पहिल्या दोन दिवसांत जातात, उरली 40. आई-वडिलांची संमती मिळाली 25 जणांची. म्हणजे महिन्याला दोन. लुई लसान्या या औषधशास्त्रज्ञाच्या नावाने एक 'नियम' संशोधकांमध्ये गमतीने सांगतात: अभ्यास सुरू होताच रुग्ण गायब होतात आणि अभ्यास संपताच परत येतात. गंमत असली तरी मी माझ्या विद्यार्थ्यांना त्यांच्या अंदाजाचा अर्धा आकडाच लिहायला लावते, आणि आजवर त्याबद्दल पस्तावले नाही.

त्या आकड्याशेजारी सॅम्पल साइज, म्हणजे अभ्यासाला एकूण किती बाळं लागतील तो आकडा, ठेवा. एखाद्या गोष्टीचं प्रमाण 10 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर येतं हे दाखवायचं असेल, तर नेहमीच्या निकषांनी, म्हणजे 80 टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि 5 टक्के सिग्निफिकन्स (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) धरून, प्रत्येक गटात सुमारे 435 बाळं लागतात. 5 वरून 4 टक्के दाखवायचं तर प्रत्येक गटात साडेसहा हजारांहून जास्त. महिन्याला दोन बाळांच्या हिशोबाने पहिलंच गणित 36 वर्षांचं होतं. म्हणून मृत्यू किंवा अपंगत्व असे हो-नाहीचे निकाल एकट्याच्या प्रबंधाला बहुधा झेपत नाहीत. वजनवाढ, ऑक्सिजनचे दिवस, रुग्णालयातला मुक्काम अशी सलग मोजता येणारी मापं घेतली की कमी बाळांत भागतं. किंवा प्रश्नच बदलायचा: निदान किती अचूक होतं, नियम पाळले का जात नाहीत, आई-वडिलांना काय समजलं.

'दूरगामी परिणाम' हा शब्द तुम्ही सहज लिहिलात, त्याचाही हिशोब करा. मुदतीच्या आधी जन्मलेल्या बाळाचा विकास साधारण दोन वर्षांच्या दुरुस्त वयाला तपासतात, म्हणजे प्रसूतीची जी तारीख अपेक्षित होती तिच्यापासून मोजून दोन वर्षं. बाळं गोळा करायला दोन वर्षं लागली, तर शेवटच्या बाळाची तपासणी चौथं वर्ष उलटल्यावर होणार. त्याआधी एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या समितीची, परवानगी, नंतर विश्लेषण आणि लेखन. त्यातून जी कुटुंबं दोन वर्षांनी परत येतात ती न येणाऱ्यांसारखी नसतात. ज्यांचं मूल अगदी ठणठणीत आहे ती येत नाहीत, ज्यांचे फार हाल झालेत तीही येत नाहीत. मधलीच उरतात आणि निकाल गुळगुळीत दिसतो. दूरचं पाहायचंच असेल तर आधीच चालू असलेल्या जन्म-अभ्यासांचा डेटा रीतसर परवानगीने वापरण्याचा विचार करा. ब्राझीलमधल्या पेलोटास शहरात 1982 साली रुग्णालयांत जन्मलेल्या बाळांचा पाठपुरावा ती मोठी झाल्यावरही सुरू राहिला. इंग्लंडमधल्या एव्हन भागात 1991 ते 1992 या काळात गरोदर मातांपासून सुरू झालेला असाच एक मोठा अभ्यास आहे. 'दुसऱ्याच्या डेटावर कसली पीएच.डी.' असं नाक मुरडणारे भेटतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. चांगला प्रश्न आणि पक्की पद्धत असेल तर तेही तितकंच खरं काम आहे.

मोजण्याबद्दल माझीच फजिती सांगते. माझा अभ्यास कमी वजनाच्या बाळांच्या वाढीवर होता. पहिल्या चार महिन्यांची जन्मवजनं एक्सेलमध्ये भरली आणि हौसेने आलेख काढला. टेकडीसारखा आकार यायला हवा होता. आले मनोरे: एक 2.5 किलोवर, एक 3 किलोवर, आणि 2.45 च्या आसपास जवळजवळ ओसाड. कमी वजनाची व्याख्या 2,500 ग्रॅमच्या खाली अशी आहे. बरोबर 2,500 ग्रॅम झालं की बाळ त्या गटाच्या बाहेर. म्हणजे जी 2,460 किंवा 2,470 ग्रॅमची बाळं कुणीतरी सरळ अडीच किलो म्हणून लिहिली होती, ती माझ्या अभ्यासात येणारच नव्हती.

मी प्रसूतिगृहात जाऊन उभी राहिले. काटा उत्तम होता, दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा. सिस्टर बाळ ठेवायच्या, आकडा बघायच्या, बाळ उचलून पुसायच्या, गुंडाळायच्या, आईला दाखवायच्या, तेवढ्यात दुसऱ्या टेबलावरून हाक यायची. वही हातात यायची वीस मिनिटांनी. तोवर दोन हजार चारशे सत्तरचं डोक्यात अडीच झालेलं असायचं. काही वेळा बाळ टॉवेलसकट ठेवलं जायचं आणि काटा आधी शून्यावर आणायचा राहून जायचा. यात कुणाचा आळस नव्हता. आम्ही तो आकडा आजवर औषधाच्या मात्रेसाठी वापरत होतो, तिथे तीस ग्रॅमने फार बिघडत नाही. अभ्यासाला मात्र बिघडतं. मग काट्याशेजारी पेन्सिल दोरीने बांधली, बाळ उचलायच्या आधी आकडा कागदावर लिहायचा असं ठरवलं, आणि दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा वाचायचा. चार महिन्यांचा डेटा टाकून दिला. त्या दिवशी घरी जाऊन रडले, खरं सांगते. पुढे व्हायवात परीक्षकांनी निम्मा वेळ त्याच प्रकरणावर घालवला, आणि तेवढ्यावरच ते खूश होते.

म्हणून सिनॉप्सिस लिहिण्याआधी वीस बाळांवर पायलट, म्हणजे छोटी रंगीत तालीम, करा. लांबी मोजणार असाल तर लक्षात ठेवा, इन्फँटोमीटरवर, म्हणजे बाळाला झोपवून मोजायच्या फळीवर, लांबी एकट्याने मोजता येत नाही. एकाने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ करून तळव्याशी फळी आणायची. दोघांनी स्वतंत्रपणे मोजून आकडे किती जुळतात ते पाहा. जुळे असतील तर तेही टिपून ठेवा. जुळी बाळं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, दोन वेगळी बाळं म्हणून मोजलीत तर रेफ्री, म्हणजे नियतकालिकासाठी पेपर तपासणारा तज्ज्ञ, तो परत पाठवतो. माझ्या एका विद्यार्थिनीचा पेपर असाच परत आला होता आणि तिचं सगळं विश्लेषण नव्याने करावं लागलं.

एथिक्स कमिटीला बरेच जण कारकुनी अडथळा समजतात. मुलांच्या बाबतीत तसं समजू नका. माझ्या पहिल्या अर्जात मी 'रक्ताचा लहान नमुना' असं लिहिलं होतं. कमिटीतल्या एका सदस्याने विचारलं, लहान म्हणजे किती मिली? मी म्हटलं, तीन. त्यांनी कागदावर हिशोब मांडला. नवजात बाळात किलोमागे साधारण 80 ते 90 मिली रक्त असतं. एक किलोच्या बाळातून तीन मिली काढणं म्हणजे मोठ्या माणसाच्या अंगातून एका वेळी पावणेदोनशे मिली काढण्यासारखं झालं, आणि तेही संशोधनासाठी, उपचारासाठी नव्हे. मी खाली मान घालून परत आले आणि प्रयोगशाळेत विचारलं, अर्ध्या मिलीत काय काय होईल? बहुतेक सगळं झालं. मोठ्या माणसांच्या अभ्यासाची पद्धत आकाराने छोटी करून मुलांना लावता येत नाही, हे मला तिथे कळलं.

संमतीबद्दल एकच सांगते, बाकीचं तुमची कमिटी शिकवेल. उपचार करणाऱ्या डॉक्टरने स्वतः संमती मागू नये. ज्याच्या हातात आपलं बाळ आहे त्याला कोण नाही म्हणेल? शक्य असेल तर विभागाबाहेरच्या माणसाला मागायला सांगा, आणि 'नाही म्हटलं तरी उपचार तोच राहील' हे वाक्य कागदावरच ठेवू नका, तोंडाने म्हणायला सांगा. मोठ्या मुलांवर काम करणार असाल तर पालकांच्या संमतीबरोबर मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. कोणत्या वयापासून, ते ठिकठिकाणच्या नियमांवर आहे. आणि हस्तक्षेपाची चाचणी असेल, म्हणजे कोणाला कोणता उपचार द्यायचा हे अभ्यासच ठरवणार असेल, तर पहिलं बाळ घेण्याआधी तिची सार्वजनिक नोंदणी करा. मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी 2005 पासून ही अटच घातली आहे. मागाहून केलेली नोंदणी ते धरत नाहीत.

गाइडबद्दल. नावाजलेला गाइड हवा असं सगळ्यांना वाटतं. मी म्हणेन, वेळ देणारा हवा. गाइडना भेटण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटा. सध्याचे विद्यार्थी खरं बोलू शकत नाहीत, सुटलेले बोलतात. त्यांना विचारा, दिलेला मसुदा किती दिवसांनी परत यायचा, कितीजण अर्ध्यावर सोडून गेले, पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागलं. या तीन उत्तरांत सगळं येतं. शिवाय, नियमात बसत असेल तर संख्याशास्त्र किंवा साथरोगशास्त्र जाणणारा सहमार्गदर्शक पहिल्या दिवसापासून घ्या. डेटा गोळा झाल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका बघणं. मोठ्या चालू अभ्यासाचा एक तुकडा तुमच्या प्रबंधासाठी मिळाला तर उत्तमच, बाळं आणि पैसा दोन्हींची चिंता मिटते. फक्त कुठला डेटा तुमचा आणि कुठल्या पेपरवर तुमचं नाव, हे सुरुवातीलाच लेखी घ्या. माझ्या ओळखीच्या एकाचा अख्खा प्रबंध या तोंडी समजुतीपायी दोन वर्षं अडकला होता.

नोकरी सांभाळून होईल का? याचं उत्तर तुमच्या परिस्थितीवर आहे आणि इथे मी हात राखून बोलते. विद्यापीठ अर्धवेळ परवानगी देतं का, कोर्सवर्कला हजेरी किती, प्रबंध एकसंध लिहायचा की प्रसिद्ध पेपर जोडून चालतात, हे सगळं बदलतं. मी पाहिलेल्यांत नोकरी करून पूर्ण करणाऱ्यांना पाच ते सात वर्षं लागली. ज्यांना आठवड्यातून दोन पूर्ण दिवस मोकळे मिळाले ते तरले. जे 'रोज रात्री दोन तास बसेन' म्हणाले ते बहुतेक पहिल्या हिवाळ्यातच थांबले, कारण नाइट ड्यूटीनंतरचे दोन तास हे तास नसतातच. विभागप्रमुखांशी बोलायचं असेल तर 'पाठिंबा द्याल का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. कोणते दोन दिवस आणि त्या दिवशी कॉल कोण घेईल, ते विचारा.

आणि हेही आधीच स्वतःला विचारून ठेवा: निकाल 'काही फरक दिसला नाही' असा आला तर चालेल का? प्रश्न नीट असेल तर दोन्ही उत्तरं उपयोगी ठरतात. 48 तासांनी थांबवलेली आणि सात दिवस दिलेली बाळं सारखीच निघाली, तर उद्या पाच दिवसांची अँटिबायोटिकं वाचतील. एकाच बाजूच्या उत्तराने प्रबंध वाचणार असेल, तर तो प्रश्न आत्ताच बदला.

तर या महिन्यात सिनॉप्सिसला हात लावू नका. विभागाचं गेल्या वर्षीचं ॲडमिशन रजिस्टर काढा, मी वर केली तशी गाळणी लावा आणि शेवटी महिन्याला किती बाळं उरतात तो आकडा काढा. दोन दुपारींचं काम आहे. 'रेफर', म्हणजे दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं, असा शेरा असलेली बाळं मात्र वेगळी मोजा. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा नेमकी तीच विसरले होते.